फोटोपुरतं पुस्तक

अन्याय झाला तो माझ्या भावाच्या साडेपाच वर्षांच्या मुलीवर. गेल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या गावच्या अंगणवाडीत. मी दारातच उभी होते, म्हणून सांगते.

घरात पोरीचं तोंड बंद होत नाही. अंगणवाडीत मात्र वर्षभरात तिनं एक शब्द काढलेला नाही. जूनमध्ये पहिलीला जाईल. तिथं मुकी समजून मागं बसवतील, ही धास्ती वहिनीच्या पोटात बसलेली. माझ्याही.

त्या सोमवारी अंगणवाडीच्या ताईंनी कपाटातून रंगीत चित्रांची पुस्तकं काढली, एकेक पोराच्या हातात दिली. हिच्या पुस्तकात लाल छत्री घेतलेली बकरी कुठंतरी निघालेली. हिनं पान उलटलं. बकरी एसटीत चढत होती. आणि पोरगी मोठ्यानं बोलली, "ताई, हिला खिडकी भेटली का?"

वर्षातलं पहिलं वाक्य! ताई मोबाइल धरून उभ्या. "इकडं बघा रे, हसा." फोटो निघाला, ऑफिसच्या ग्रुपवर गेला, पुस्तकं लगेच गोळा. हिनं घट्ट धरलं तर बोटं सोडवून काढून घेतलं. ताईंनी ते कपाळाला लावलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि कपाटाला कुलूप ठोकलं.

आणि मी काय केलं? गावोगाव वाचनालयं मागणारी, पिशवीत पत्रकांचा गठ्ठा घेऊन फिरणारी मी गप्प राहिले. याच ताईंनी मला याच खोलीत मांडीवर घेऊन भरवलेलं.

तेव्हापासून पोरगी घरातही कमी बोलते. गुरुवारी तिनं माझी पत्रकं मधोमध दुमडून पुस्तक केलं, मांडीवर येऊन बसली.

"आत्या, वाच."

मी बकरीला आठवडी बाजारात नेलं. "न्हाई, असं न्हाई." मामाच्या गावाला नेलं. "तुला माहीतच न्हाई," म्हणाली आणि उठून गेली.

शुक्रवारी मी कपाटासमोर जाऊन उभी राहिले.

"आली का पत्रकवाली?" ताई म्हणाल्या. "आता माझ्यावर छापून राह्यली का?"

"पुस्तक काढा, ताई."

"अन् फाटलं तर? तपासणीला मॅडम आल्यावर लेखी जबाब मलाच द्यावा लागतो. मागं एका पानावर दूध सांडलं तर सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली मी. तू आल्ती का तवा?"

नव्हते आले.

मी पत्रकाच्या पाठीवर लिहिलं, पुस्तक फाटलं तर जबाब मी देईन. खाली सही. ताईंनी दोनदा वाचलं.

"तुझ्या एकटीच्या चिठ्ठीनं न्हाई भागत, बाई. सगळ्या घरच्या सह्या आण. मंग काढते कुलूप."

दोन दिवस दारोदार फिरले. निम्म्या सह्या झाल्या. बाकीचे म्हणतात, "पोरं फाडतेत." फाडू द्या की! काल दिवसभरात पोरगी दोनदाच बोलली, तेही पाणी मागायला. बकरीचं तर नावच काढत नाही आता. त्याचीच जास्त भीती वाटते.

आमच्या गावचे असाल तर आज सही द्या. दुसऱ्या गावचे असाल तर तिथल्या अंगणवाडीचं कपाट बघून या. कुलूप असेल तर चिठ्ठी लिहा, काढायला लावा. पोराला मांडीवर घ्या, शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचा. आणि फोटो काढू नका.