हात लावला की विझायचं

योआनिना शहराच्या वरच्या डोंगरात सात गावं, आणि सात गावांत मिळून दुरुस्तीवाला एकटा लाम्ब्रोस. दूध काढायची यंत्रं, चर्चचा कर्णा, पोरांनी सुटे भाग आणून घरीच जोडलेले कॉम्प्युटर, जे बिघडेल ते त्याच्या टेबलावर यायचं. वय अठ्ठेचाळीस, लग्न नाही. माणसांशी बोलताना त्याची जीभ तिरकी चाले, मशीनशी बोलताना मात्र लोण्याहून मऊ. नको तिथे खरं बोलायची खोड असल्यामुळे लोक त्याला कामाला बोलवत, जेवायला नाही.

पोलिक्सेनीच्या घरचं कॉम्प्युटरचं मशीन त्याच्याकडे तिसऱ्यांदा आलं, त्या दिवशी कॉफीच्या अड्ड्यावर झिसिस म्हाताऱ्याने त्याला धरलंच.

"काय मिस्त्री, परत तेच? अरे, ते तुझ्या हातचं काम नाही. पाद्रीबुवांना बोलाव."

"पाद्रीबुवांचा कर्णा बिघडला की ते मला बोलावतात, आजोबा. तुम्ही कॉफी प्या गुमान."

लोक हसले, पण हसू टिकलं नाही. कारण मशीन अर्गिरिसचं होतं. पोलिक्सेनीचा हा एकुलता एक पोरगा. त्याने दोन वर्षं एकेक भाग जमवून ते स्वतः जोडलं होतं. गेल्या फेब्रुवारीत गावाखालच्या वळणावर, बर्फावरून त्याची मोटारसायकल घसरली आणि तो गेला. त्याच सकाळी मायलेकाचं भांडण झालं होतं. रात्रंदिवस त्या पेटीसमोर बसतोस म्हणून तिने रागाच्या भरात पेटीवर थाप मारली, आणि तो दारातून ओरडला, "माझ्या मशीनला परत हात लावायचा नाही!" मयताला आलेल्या साऱ्या गावाला तिने हे ऊर बडवून सांगितलं होतं.

नऊ महिने ती त्या खोलीत गेली नाही. हिवाळा लागला तशी हिंमत करून गेली, कारण पोराचे फोटो, त्याचा आवाज, सगळं त्यातच. शेजारणीने मशीन लावून दिलं, ते छान चाललं. पोलिक्सेनीने हात लावला आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पोस्टमनने लावलं तर चालायचं, भाचीने लावलं तर चालायचं. आईने हात लावला की विझायचं. तिच्या खिडकीखालून जाताना बायका छातीवर क्रूस काढू लागल्या.

"तो अजून रागावलाय का?" तिने लाम्ब्रोसला विचारलं होतं. "मला बाकी काही नको. तेवढं सांग."

"मशीनला राग नसतो, मावशी. बिघाड असतो."

म्हणाला खरं, पण बिघाड काही हाती लागेना. मेमरीच्या पट्ट्या त्याने एकेक करून काढून पाहिल्या. वीज पुरवणारा डबा बदलला. पंख्यातली धूळ उडवली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. मग तीन दिवस मशीन सतत राबवलं. ते एकदाही अडखळलं नाही. रिकाम्या दुकानात ते इतकं समाधानाने घुमत होतं, की तिच्यापासून लांब आल्याचं त्याला सुखच वाटत असावं. आपण त्याच्याजवळ दबकून बोलतोय हे लाम्ब्रोसच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

मशीन घेऊन तो तिच्या घरी गेला. दुपारचे तीन वाजले होते, तरी आत अंधार. मयतापासून खिडक्यांच्या झडपा उघडल्याच नव्हत्या, आरशावर चादर होती. लोखंडी शेगडी लाल झाली होती. घसा कोरडा पडावा अशी ऊब. लाम्ब्रोसने तासभर मशीन चालवलं. कुरकूर नाही.

"या मावशी."

पोलिक्सेनी मखमली खुर्चीतून उठली. आली, आणि देवाच्या तसबिरीला लावतात तसा आधी पेटीच्या पत्र्याला हात लावला.

पडदा विझला. पंखा थांबला. शेगडीत एक लाकूड तडकलं.

"बरं बाळा," ती पेटीला म्हणाली. "नाही लावत."

 पिशवी उचलून पळावंसं वाटलं लाम्ब्रोसला. पण त्या अंधारात, तिच्या बोटाच्या टोकाशी, त्याला काहीतरी निळं दिसलं होतं.

"मावशी, परत खुर्चीत बसा. आता उठा. लावा हात."

निळी ठिणगी. विझलं. तिसऱ्यांदाही तेच.

मग मात्र त्याला चोर सापडल्यासारखं झालं. "अहो, तुमचे काळे कपडे! स्वेटर, स्कर्ट, मोजे, सगळं बाजारातलं नायलॉन. त्यात ही मखमल, ही कोरडी हवा, आणि तुमच्या भिंतीतल्या प्लगांना अर्थिंग नाही. स्वेटर काढताना चटका बसतो ना, तोच हा; त्याच्या झटक्याने मशीन विझतं. पोरगा नाही, मावशी, हे सुतक आहे नुसतं!"

ती वीज जमिनीत उतरावी म्हणून पेटीपासून नळाच्या पाइपापर्यंत त्याने वायर ओढली. तिने हात लावला. मशीन चालूच राहिलं. पडद्यावर जुन्या व्हिडिओत अर्गिरिस हसला, आईला हाक मारून काहीबाही बोलला.

"म्हणजे तो नव्हताच," पोलिक्सेनी पुटपुटली.

लाम्ब्रोस पक्कड पुसत होता. त्याने ऐकलं आणि सोडून दिलं. संध्याकाळी अड्ड्यावर झिसिसने हार मानून त्याला दारू पाजली.

फेब्रुवारीत अर्गिरिसचं वर्षश्राद्ध झालं. चर्चमध्ये वाटलेल्या गोड गव्हाची पुडी खिशात टाकून लाम्ब्रोस तिच्या घरी डोकावला. वायर पाइपापासून सोडवून, गुंडाळून खिळ्याला टांगली होती.

"वायर कोणी काढली?"

"मीच."

"मावशी, मशीन बंद पडणार."

"पडतं की. रोज एकदा." तिचा आवाज शांत होता. "तू मला त्याचा आवाज ऐकवलास, देव तुझं भलं करो. चार दिवस ऐकला. पण तो जुनाच बोलतो रे, तेच तेच. मी काही म्हटलं तर त्याला कळत नाही. आणि हात लावला तर काहीच नाही. घर इतकं रिकामं कधी झालं नव्हतं."

लाम्ब्रोसला आपल्या त्या दिवशीच्या फुशारकीची लाज वाटली.

ती खुर्चीतून उठली, पत्र्याला बोट लावलं. निळं चमकलं. खोलीत काळोख झाला. आणि वर्षभरात पहिल्यांदा पोलिक्सेनी हसली.

"बघितलंस? अजून रुसलाय ना?"

तिचे डोळे लाम्ब्रोसच्या तोंडाकडे लागले होते. 

"हो मावशी," तो म्हणाला. "चांगलाच रुसलाय."