टँकरच्या रांगेतली शेवटची बाई

डिस्टेंपरचा डबा उघडला की त्या वासासरशी मला जालना रोडमागची एक वस्ती आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं. टँकरची वाट बघणाऱ्या बायकांचीच चित्रं मी तिथल्या लांब भिंतीवर काढत होते, त्या रांगेत उभ्या असत त्याच क्रमानं. उन्हानं रंग ब्रशवरच वाळायचा आणि बायका एकमेकींच्या रंगवलेल्या नाकांची थट्टा करायच्या. धुणीभांडी उरकून येणारी एक बाई कायम रांगेच्या टोकाला असायची. "भिंतीवरबी मीच शेवटी व्हय ओ ताई?" तिनं हसत विचारलं. "उद्या फक्त तुम्हीच," असं म्हणून मी ब्रश धुतले. खरं तर उजेड अजून बराच होता. दुसऱ्या दिवशी पोचले, तर रस्ता रुंद करायला आलेल्या बुलडोझरनं भिंत पाडली होती. ढिगाऱ्याशेजारी ती उभी होती. कामाला खाडा करून, ठेवणीतली साडी नेसून, केस चापूनचोपून बसवून. "जाऊ द्या ताई," तीच मला म्हणाली, "तुमची लई मेहनत गेली बघा." पुढं शहर वाढलं, मला रंगवायला उड्डाणपुलांचे खांब मिळाले. त्या रांगेतल्या बाकी बायका मी आजही न बघता काढू शकते. तिचा चेहरा मात्र काही केल्या आठवत नाही.