पेनिसिलीनवाल्याच्या घरचं दही

सोपानराव पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात बाटल्या धुवायचा. पण बाहेर कुणी विचारलं तर "आमी पेनिसिलीन काढतो" असं सांगायचा आणि सांगताना मिशीवरून हात फिरवायचा. कारखाना नवा, औषध नवं, त्यामुळे ऐकणारेही मान डोलवत. कुणाचं गळू पिकलं की लोक सल्ल्याला येत आणि सोपानराव आधी नाडी बघे. गळवाचा नाडीशी काय संबंध हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण नुसतं गळू बघून सल्ला दिला तर आपल्यात आणि न्हाव्यात फरक काय, असं त्याला वाटे.

अशा या धन्वंतरीला एकदा उन्हाळी लागली. लघवीला बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. चिंचवडच्या डॉक्टरांनी लघवी तपासायला पुण्याला धाडली आणि उत्तर येईपर्यंत पेनिसिलीनच्या सुया सुरू केल्या. सोपानराव खूश. आपल्या हातच्या बाटलीतलं औषध आपल्याच अंगात चाललंय, म्हणजे घरचंच कार्य, असा त्याचा थाट. सुई टोचताना तो हसायचासुद्धा.

आग काही थांबेना. आता पेनिसिलीनला नावं ठेवायची म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं. तेव्हा त्यानं डोकं चालवलं, आणि त्याचं डोकं चाललं की घरच्यांना घोर लागायचा. औषध जंतू मारतंय हे नक्की. मग घरातूनच नवे जंतू पोटात जात असणार. कारखान्यात साहेब रोज बजावायचे, टाकीत एक भलता जंतू शिरला की सगळा माल वाया. आणि घरात जंतूंचं माहेर कुठलं, तर दही! सोपानराव दोन्ही वेळा वाटी वाटी दही ओरपत होता. चोर सापडला.

हे दही साधं नव्हतं. यशोदाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं मावळातून वाटीत विरजण दिलं होतं, वर ओलं फडकं बांधून. पुढं आई गेली, माहेरचं घरही राहिलं नाही. पण कालच्या चमचाभर दह्यावर आजचं आणि आजच्यावर उद्याचं, असं ते दही चालूच होतं. यशोदाबाईला आईची आठवण काढायला दुसरं काही लागत नसे.

त्या संध्याकाळी तिनं कोमट दुधात उरलंसुरलं सगळं दही घातलं आणि ती पाण्याला गेली. सोपानरावानं सुयांसाठी आणलेल्यांतली उरलेली एक बाटली फोडली, पाण्यात भुकटी कालवली आणि गाडग्यात ओतली. वर बोटानं ढवळलंही. आपण बायकोवर केवढा उपकार करतोय, या विचारानं त्याला शांत झोप लागली.

सकाळी गाडग्यात ना दूध ना दही, काहीतरी पांचट पाणी.

"आजवर आसं कदी झालं न्हाई," यशोदाबाई म्हणाली. "अवो, तुमी हात लावलावता का?"

"हात न्हाई, औषिद घातलं," सोपानराव छाती काढून म्हणाला. "एक जंतू शिल्लक ठिवला न्हाई."

तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ती गाडगं मांडीवर घेऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई व्हती त्यात." सोपानरावाची छाती होती तिथं गेली. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी पोटातून.

दुपारी तो डॉक्टरांकडे गेला. पुण्याहून उत्तर आलं होतं.

"तुमच्या लघवीत सापडला त्या जंतूला एन्टेरोकॉकस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "राहतो आतड्यात. तिथं असतो तोवर कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. वाट चुकून लघवीच्या मार्गात शिरला की छळतो. आणि एकट्या पेनिसिलीनला हा भीक घालत नाही. दुसऱ्या औषधाची जोड द्यावी लागेल."

सोपानरावानं चाचरत दह्याची हकीकत सांगितली. डॉक्टर हसून हसून खोकले. "अहो, दह्यातले जंतू गुणाचे, पोटाला बरे. आणि पेनिसिलीनपुढं त्यांचा टिकाव लागत नाही. मारायचा तो तुम्ही जगवलात, जगवायचा तो मारलात!"

पेनिसिलीन काढणाऱ्याच्या अंगात पेनिसिलीनला न जुमानणारा जंतू! सोपानराव घरी येताना एकटाच हसला, पण गाडगं आठवलं आणि हसू विरलं. त्यानं वाटी घेतली आणि दारोदार हिंडायला लागला. शेजारच्या छबूबाईनं दिलं, साताऱ्याकडच्या एका बिऱ्हाडानं दिलं, कोकणातल्यांनी दिलं. "काय पेनिसिलीनवाले, दही न्हाई लागत व्हय घरात?" असं जो तो विचारी, आणि तो प्रत्येकाला खरं सांगे. प्रत्येक वाटीतलं दही यशोदाबाई बोटावर घेऊन चाखायची आणि म्हणायची, "चांगलं हाय. पर आईचं न्हाई."

शेवटी सायकल दुरुस्त करणाऱ्या नूरमोहम्मदच्या घरी गेला. त्याची बायको रहमतबी दारातच म्हणाली, "भाऊ, सगळा गाव फिरलात, माझ्याकडं का न्हाई आलात? भाभीनंच दिलंवतं मला विरजण, माझी धाकटी झाली तवा. तेच लावते अजून."

"ती म्हणली, ते कवाच मोडलं आसंल," सोपानराव म्हणाला.

"मोडंल कसं? दिलेलं विरजण मोडू देतं का कुणी?"

रहमतबीची वाटी घरी आली तशी यशोदाबाईनं बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि ती वाटी मांडीवर घेऊन बसली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही. सोपानरावाला काहीतरी शहाणपणाचं बोलावंसं वाटलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी गाडग्यात कवडीदार दही लागलं. यशोदाबाईनं त्यातलं वाटीभर काढलं, वर ओलं फडकं बांधलं आणि रहमतबीकडे नवऱ्यालाच धाडलं, निरोपासकट. सोपानरावानं तो दारात उभं राहून शब्दन् शब्द सांगितला:

"ती म्हणली, आईला तुमच्याकडंबी ऱ्हाऊ द्या. आमच्या घरात मी पेनिसिलीनवाला हाय."