रिकामे समजलेले पिस्तूल

ती घटना आठवली की आजही हळहळ वाटते. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले. ते सगळे कागदांबरोबर बंद झाले. पण ज्या प्रकरणात गुन्हेगार म्हणावा असा कोणी नव्हताच, ते मात्र मनातून जात नाही.

नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातला तालुका होता आणि मी तिथे फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना सरकारी दवाखान्याचे डॉक्टर स्वतः ठाण्यात आले. तापीकाठच्या एका गावचा शेतकरी मांडीला जखम होऊन दाखल झाला होता. कुळवाची लोखंडी फास लागली, असे तो सांगत होता. डॉक्टरांना ते पटत नव्हते. फास एवढे लहान, गोल भोक पाडत नाही, आत काहीतरी अडकले आहे, ताप चढत चालला आहे आणि हा बाबा सुरी लावू देत नाही, असे ते म्हणाले. आणखी उशीर झाला तर माणूस हातचा जाणार होता.

मी दवाखान्यात गेलो. चाळिशीचा, धिप्पाड गडी. माझा गणवेश पाहताच त्याने पांघरूण मांडीवर ओढले. पुन्हा तीच फास, तोच कुळव. कुळव कुठे आहे विचारले तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवले.

पोलीस पाटलाकडून निराळीच माहिती मिळाली. या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ कापसाच्या व्यापारात होता. रोकड घेऊन सुरतेला जावे लागे, म्हणून त्याने रीतसर परवाना काढून नवे, तळहातात मावेल एवढे पिस्तूल आणले होते. शिवाय जमिनीच्या वाटणीवरून दोघा भावांत कुरबुर होती. झाले! आमच्या खात्यात एवढ्यावर माणूस आरोपी होतो. मलाही तसेच वाटले.

धाकट्याला चावडीवर बोलावले. उलटतपासणीची गरजच पडली नाही. परवाना कुठे आहे, एवढे विचारताच तो खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. घरात पिढीजात ठासणीची बंदूक होती. थोरल्याने नवे पिस्तूल पाहून चेष्टा केली, हा तर सुपारीचा अडकित्ता, वेळेला दगा देईल. म्हणून खात्री करून घ्यायला दोघे नदीकाठच्या घळीत गेले, दरडीवर वाळका भोपळा ठेवून बार काढू लागले. चार-दोन बार नीट गेले आणि पिस्तूल अडकले. धाकट्याने ते ठोकले, मुठीतली काडतुसांची डबी, म्हणजे मॅगझिन, काढून खिशात टाकली. डबी बाहेर म्हणजे हत्यार रिकामे, असे दोघांनीही धरले. थोरला भोपळा पाहायला पुढे गेला. धाकट्याने चाप ओढून पाहिला. नळीत एक काडतूस राहिले होते.

ठासणीच्या बंदुकीत गज घालून पाहिले की बार भरलेला आहे की नाही ते कळते. या हत्याराला गज नाही. त्याच्या पोटात काय आहे ते त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

खरे-खोटे करायला मी पंच घेऊन घळीत गेलो. भोपळ्याच्या ठिकऱ्या आणि रिकाम्या पुंगळ्या तिथे पडल्या होत्या. पिस्तूल भरले, डबी काढून पंचांच्या हातात दिली, नळी दरडीकडे करून चाप ओढला. बार झाला. माझी शंका तिथेच संपली. पंचनामा उरकून मी घोडा दवाखान्याकडे काढला.

थोरल्याला मी सगळे समजावले. हा अपघात आहे, परवाना आहे, फार तर निष्काळजीपणाचा दंड होईल, गोळी काढू दे. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

“सायेब, आमना गावना एक माणूस जबानी देवाले गया, तो आजून परत उना नही,” तो म्हणाला. “मन्हा भाऊले तुम्ही तुरुंगमा धाडशात. ती गोळी मन्हासंगे जाऊ द्या.”

गोळी मिळाली नाही तर भावावर खटला उभा राहणार नाही, असा त्याचा हिशेब होता. त्यासाठी तो मरायला तयार होता. वाटणीवरून भांडणारा हाच तो माणूस!

शेवटी धाकट्याला त्याच्या खाटेपाशी आणले. मी सगळं सांगितलं दादा, एवढेच तो बोलला. थोरल्याने डोळे मिटले.

“काबर सांगं रे तू?” का सांगितलेस म्हणून त्याने हळूच विचारले आणि डॉक्टरांना मान हलवून परवानगी दिली.

गोळी निघाली, पण विष अंगात भिनले होते. त्या तापातून तो उठला नाही.

माझ्या नोकरीतली धडाडी लोक अजून सांगतात. पण कायदा त्या दोघांच्या बाजूने होता आणि तेच त्यांना खरे वाटत नव्हते, हे मला या प्रकरणाने शिकवले. आमच्या गणवेशाची जरब पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव बसली होती. आम्ही तिलाच अब्रू समजत होतो. त्या जरबेपुढे माझ्या खऱ्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी धाकट्याला दंड केला आणि सोडले. मी सांगितले होते तसेच. कोर्टाच्या पायरीवर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रडत नव्हता.

“दंडच व्हता का सायेब?” त्याने विचारले. “इतलासाठे मन्हा दादा गया?”