विरघळणारे टाके

गल्लीत तिला सगळे मेणवहिनी म्हणत. मेणबत्त्यांच्या कारखान्यात ती मेणाची कढई सांभाळायची. लग्न झाल्यापासून तिला घरी निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मग पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "टाके काढायची गरज नाही, आपोआप विरघळतील."

तिच्या डोक्यात भलतंच बसलं. मेण रोज डोळ्यांदेखत पातळ होताना पाहिलेलं. आच लागली की टाकेही तसेच सुटतील आणि पोट उसवेल. घरी आल्यावर ती गॅसपाशी फिरकेना. अंघोळीला कोमट पाणीसुद्धा नको. नवरा सायकली दुरुस्त करायचा. त्यालाही ते खरं वाटलं. दुकानातला पंखा त्यानं तिच्या उशाशी आणून लावला आणि स्वतः घामाघूम होत पंक्चर काढत बसला. सासूबाईंनी मुकाट्यानं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. गुडघे धरून उठायच्या, पण सुनेला इकडची काडी तिकडे करू द्यायच्या नाहीत.

पुढे दवाखान्यात तपासणीला गेली तेव्हा तिनं भीत भीत विचारलं, "सिस्टर, आता कढईपुढे उभी राहिले तर टाके वितळायचे नाहीत ना?"

नर्स हसली नाही. "वितळायला आच लागते, तुमच्या मेणासारखी. विरघळायला ओल लागते. साखर गार पाण्यातही विरघळतेच की. तुमचे टाके अंगातल्या ओलाव्यानं हळूहळू सुटले आणि अंगातच जिरले. जखम तोवर भरली."

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. "आई, उगाच तुम्हाला कामाला जुंपलं मी."

सासूबाई भाजी निवडत होत्या. "मला ठाऊक होतं. जन्मभर सरबतं केली, एवढं कळत नाही होय मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू दुसऱ्याच दिवशी कामावर पळाली असतीस. माझं कधी ऐकलंयस?"

भाजीची परात बाजूला सारून तिनं सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं पहिल्यांदाच. आणखी आठवडाभर ती घरीच राहिली, कशालाही न भिता.

कारखान्यात आता कुणी सासूचं गाऱ्हाणं काढलं की मेणवहिनी कढई ढवळता ढवळता म्हणते, "माझ्याकडून साथ मिळायची नाही हो. मला सासू फार चांगली मिळालीय."