कोरडा कागद

आमच्या कोपऱ्यावरचा नळांचा दुकानदार कुणी काहीही विचारलं, की मान वर न करताच "व्हय की" म्हणतो. न्हाणीघरातला जुना गळका नळ मी स्वतः बदलणार म्हटल्यावर मात्र त्यानं वर बघितलं.

"आक्का, प्लंबर बोलवा की!"

मुलगाही तेच म्हणाला होता, म्हणून तर मी हट्टाला पेटले होते!

त्यानं नवा नळ काढला, पण देईना. "आधी हितं नळाच्या आट्यांवर ही पांढरी टेप गुंडाळून दावा." मी गुंडाळली. त्यानं नळ पाइपाच्या तुकड्यात फिरवला, तर टेप सगळी गोळा झाली. "उलटी गुंडाळलीसा. नळ ज्या बाजूनं आवळायचा, त्याच बाजूनं गुंडाळा." गिऱ्हाईकं खोळंबली, तरी चारदा गुंडाळायला लावली बघा.

दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना तो घरी आला. मी बसवलेल्या नळाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून चहा पीत बसला. माझा सगळा जीव त्या कागदात! चहा संपल्यावर त्यानं कागद उचलून गालाला लावला. कोरडा ठणठणीत!

आता दुकानात कुणी "मला जमंल का?" म्हटलं, की तो काउंटरच्या काचेखालचा तो कागद दाखवतो. "आमच्या आक्कांना जमलंय. तुमी तर अजून तरणं हायसा."