गाळातली ऋषीची भाजी

निवृत्त झालेल्या माणसाने बागकाम करावं, हे ठीक. के. आर. पुरमच्या दामोदरपंतांनी मात्र अख्खं तळंच गच्चीवर आणून ठेवलं. जवळच्या तळ्याचा गाळ उपसत होते. तो हवा त्याने न्यावा असं कळल्यावर पंतांनी पोतीच्या पोती आणवली.

पहिल्या वर्षी कुंड्यांत नुसता गाळ भरला. तो वाळून इतका घट्ट झाला, की भेंडीचं बी आत गेलं ते गेलंच. मग पंतांनी त्यात वाळू, नारळाचा भुसा आणि पालापाचोळ्याचं खत मिसळलं. गाळ तपासूनही आणला. घातक काही निघालं नाही. भेंडी, दोडका, लाल भोपळा, सगळं भरभरून आलं. त्यांच्या बायकोने, हेमलताबाईंनी, त्यातलं पानही तोंडात घातलं नाही.

"गावाचं सांडपाणी पिऊन बसलेली माती ती," त्या म्हणत.

आपण हे मनाला लावून घेत नाही, असं पंत सगळ्यांना सांगत. ते रोज ओट्यावर भाजी ठेवत आणि रोज ती शेजारच्या निवेदिताकडे जाई. बायकोने एकदा तरी चाखावी, एवढंच त्यांना हवं होतं.

ऋषिपंचमी आली. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, हा बाईंचा नेम. भाजीवाली भाग्यलक्ष्मी "एत्तु इल्ला अक्का, बैल नाहीच, सगळं ट्रॅक्टर" म्हणून शपथ घेई, पण नांगराला बैल नव्हता यावर बाईंचा विश्वास बसत नसे. दरवर्षी त्या नुसत्या वरीच्या भातावर दिवस काढत.

"गच्चीवर नांगर फिरलेला नाही," पंत म्हणाले.

बाईंनी विळी काढली. भाजी शिजली, पानं वाढली. बाईंनी पहिला घास उचलला आणि पंतांना गाळाची पोती आठवली. जन्मभर सरकारी कारखान्यात मापं तपासलेला माणूस. गप्प बसणं जमेना.

"अगं, थांब. गाळाची लॉरी गल्लीत वळली नव्हती. कोपऱ्यापासून पोती यल्लाप्पाच्या बैलगाडीतून आली."

घास हवेतच राहिला. आता ही भाजीही निवेदिताकडे जाणार, हे पंतांना स्पष्ट दिसलं. त्यांना फार वाईट वाटलं.

बाईंनी विचारलं,

"बैल दमला होता का?"

पंतांनी आठवून पाहिलं. "नाही. घरापर्यंत उतारच आहे. त्याला आवरताना यल्लाप्पाच दमला."

"मग उद्या यल्लाप्पाला डबा द्या," म्हणत बाईंनी घास तोंडात घातला. "मीठ कमी पडलंय."

पंत मीठ आणायला आत गेले, आणि जरा वेळाने डोळे पुसून, मीठ न घेताच परत आले.